पुरे करा, असं मीच म्हणाले होते

नातीला रक्ताचा कर्करोग आहे असं कळलं, तेव्हा घरात सगळे रडत होते आणि मी मनात हिशेब घालत होते. सोसायटीचं कर्ज किती, उसाचं बिल कधी जमा होणार. मग मुलाला बाजूला घेऊन सांगितलं, "मुंबईच्या नादाला लागू नको. पोरीला सुया टोचून हाल करण्यापेक्षा आहेत तेवढे दिवस सुखात जाऊ देत." हे मी मायेपोटी बोलले, असं मला तेव्हा वाटत होतं.

आमच्या करवीर तालुक्यातल्या गावात कॅन्सर म्हणजे तोंडाचा, घशाचा, नाहीतर बायकांचा पिशवीचा. माझे दीर तंबाखू मळता मळता गेले. दवाखाना गाठला तेव्हा जबडा उघडत नव्हता. भावजयीनं अंगावर जाणं वर्षभर लपवलं. जे जे दवाखान्यात गेले त्यांची मातीच झाली, एवढंच मी पाहिलं होतं. त्यांना उपचारानं नव्हे, उशिरानं मारलं, हे कळायला माझी नात आजारी पडावी लागली.

लहान मुलांचा रक्ताचा कर्करोग ही निराळीच गोष्ट आहे. सून रात्री वाचून दाखवायची. १९४८ साली अमेरिकेत सिडनी फार्बर या डॉक्टरांनी तो पहिल्यांदा औषधानं काही महिने थोपवून दाखवला, आणि ते औषध ज्या प्रयोगशाळेत तयार झालं तिथले मुख्य संशोधक होते आपल्या आंध्रचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. पुढं आणखी एक औषध आलं, व्हिन्क्रिस्टीन. ते सदाफुलीपासून काढतात. आमच्या परसात ती उगवते आणि मी उपटून टाकते! साठ वर्षांपूर्वी या आजारातून क्वचितच एखादं पोर वाचायचं; आता श्रीमंत देशांत दहातली नऊ वाचतात. आपल्याकडे आकडा कमी आहे. त्याचं एक मोठं कारण म्हणजे उपचार अर्ध्यावर सोडणं.

आणि मी नेमकं तेच सुचवलं.

मुलानं माझं ऐकलं नाही. परळच्या टाटा हॉस्पिटलात पोरीला दाखल केलं. पहिला महिना वाईट गेला. स्टेरॉइडनं गाल फुगले, मध्यरात्री उठून पिठलं-भाकरी मागायची, नाही मिळाली की आईला मारायची. पाठीतलं इंजेक्शन असलं की आदल्या दिवसापासून तोंड फिरवून बसायची. महिन्याभरानं बोन मॅरोचा रिपोर्ट स्वच्छ आला, गावी आली, अंगणात पळायला लागली. मी म्हणाले, झाली की बरी. आता पुरे करा.

सून म्हणाली, "आत्ती, भांगलण झाली म्हणून लव्हाळा गेला का? गड्डा खालीच असतोय." उसात जन्म काढलेल्या बाईला याहून जास्त काही सांगायला नको होतं. रिपोर्ट स्वच्छ दिसतो तेव्हाही अंगात रोगाच्या पेशी दडलेल्या असतात, म्हणून सगळे मिळून दोन-अडीच वर्षं उपचार चालतात. मी गप्प बसले. पण सुनेचं बोलणं संपलं नव्हतं. पोरीचा थोरला भाऊ शेजारी झोपला होता. त्याच्याकडं बघून तिनं विचारलं, "हा आजारी असता तर?"

मी उत्तर दिलं नाही. उत्तर मला ठाऊक होतं. त्याच्यासाठी मी शेताचा तुकडा विकायला काढला असता.

पुढं सुनेला ताप आला म्हणून एकदा पोरीबरोबर मी गेले. महालक्ष्मी एक्सप्रेसनं गेलो. कॅन्सरच्या पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीला भाडं पडत नाही, सोबतच्या माणसाला पंचवीस टक्केच पडतं. उतरलो दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत. दवाखान्यात नंबर येईपर्यंत मी बाकड्यावर बसून पोरं बघत होते. मुलगेच जास्त. काही कर्करोग मुलग्यांना मुळातच थोडे जास्त होतात, पण भारतातल्या मोठ्या दवाखान्यांच्या नोंदींत मुली त्या हिशेबापेक्षाही कमी भरतात. मग बाकीच्या मुली कुठं आहेत? माझ्यासारख्या आज्यांच्या घरी. माझं मत खरं बदललं ते त्या बाकड्यावर. सदाफुली आणि सुब्बाराव ऐकून मी नुसती मान डोलावली होती.

सोसावं लागलं नाही असं नव्हे. केमोचा बराच खर्च महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसला, पण मुलाची बिनपगारी रजा कुठल्या योजनेत बसते? थोरला नातू माझ्याजवळ राहिला आणि एकदा म्हणाला, "मलापण ताप येऊ दे." त्याची तर आम्ही वर्षभर विचारपूससुद्धा धड केली नाही.

आता घरच्या गोळ्यांवर आलोय. एक रोज रात्री, दुसरी आठवड्यातनं एकदा, आणि ती जबाबदारी माझी. जरा अंग तापलं की त्याच घटकेला दवाखाना. रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा काउंट कमी असला तर सकाळपर्यंत थांबायचं नसतं.

परवा शेजारच्या गावची एक बाई आली होती. तिच्या नातीलाही हाच आजार. "पोरीचे हाल नकोत," म्हणाली, अगदी माझ्याच सुरात. मी तिला सुनेचा प्रश्न विचारला. ती रागानं उठली, चहा तसाच टाकून गेली. तिच्या मुलाचा नंबर मी गावातनं मिळवलाय. काल उचलला नाही, आज परत लावणार आहे.