भिजला कागद, राहिले नाव

आमच्या घरात पत्र्याची एक जुनी पेटी आहे. तिचे झाकण एका बाजूने चेपलेले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा माळवदाची माती आणि दगड तिच्यावर कोसळले. किल्लारीचे नाव सर्वांना ठाऊक झाले, पण आपल्या धाराशिव जिल्ह्यातील (तेव्हाच्या उस्मानाबादमधील) सास्तूर आणि आसपासची गावेही त्या पहाटे जमीनदोस्त झाली. वरून पाऊस लागला. आधी माणसे काढली, मग जनावरे, आणि पेटी सर्वात शेवटी निघाली. तोवर तिच्यात पाणी शिरले होते.

पत्र्याच्या शेडमध्ये आईने दोरी बांधली आणि एकेक कागद वाळत घातला. आम्ही भावंडे खाली उभे राहून वाचत होतो. अण्णांचा शाळा सोडल्याचा दाखला भिजून लिबलिबीत झाला होता, पण त्यावरचे प्रत्येक अक्षर जागेवर होते. नाव, गाव, जात, जन्मतारीख, सारे काळेभोर. शेजारीच दादाचा दाखला होता. तो अण्णांच्या दाखल्यापेक्षा कितीतरी नवा. त्यावरचे छापलेले शब्द तेवढे राहिले होते. ‘विद्यार्थ्याचे नाव’, ‘जात’, ‘जन्मतारीख’ आणि पुढे नुसता फिकट निळा डाग. जणू त्या दाखल्यावर कधी कोणाचे नाव लिहिलेच नव्हते.

तो काळ आठवा. १९९० साली केंद्र सरकारने बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती लागू केल्या होत्या. धर्मांतरानंतर इतकी वर्षे बंद असलेले दार उघडले होते. दादा केंद्राच्या एका भरतीचा अर्ज भरणार होता. दाखल्याची दुसरी प्रत मिळवायला त्याने खूप हेलपाटे घातले. प्रत मिळाली, पण अर्जाची शेवटची तारीख निघून गेली होती. दादाने पुढे कष्टाने संसार उभा केला. मात्र त्या निळ्या डागाचा विषय निघाला की तो आजही गप्प होतो.

यात कोणाची चूक म्हणायची? ज्यांनी दाखला लिहिला त्यांनी हाताला आलेली दौत उघडली. शाई कोणी निवडलीच नव्हती. म्हणून हा लेख.

पुढे रसायनशास्त्र शिकवणाऱ्या एका गुरुजींनी आम्हाला दोन्ही शायांतला फरक समजावून सांगितला. मुलांच्या पेनात असते ती साधी निळी शाई म्हणजे पाण्यात विरघळलेला रंग. कपड्यावर सांडली तर धुऊन निघावी, असाच तिचा गुण. कपड्यावरून निघते तशी ती कागदावरूनही निघते. उन्हातही ती उडते.

दुसरी शाई लोखंडाची. आपल्या आयाबाया बाळगुटीत हिरडा आणि मायफळ उगाळतात. त्यांचा जो तुरट अर्क, त्यात हिराकस मिसळला की ही शाई तयार होते. लिहिताना ती फिकी असते, म्हणून तिच्यात थोडा निळा रंग घालतात. हवा लागली की ती काळी पडते आणि कागदाच्या धाग्यांत रुतून बसते. मग पाणी पडले तर वरचा निळा रंग वाहून जातो, पण काळे अक्षर राहते. फार वर्षांनी ती तपकिरी दिसू लागते. गुरुजींच्या मते अण्णांचा दाखला अशाच शाईने लिहिला असणार.

आता तिसरा प्रकारही मिळतो. त्यात रंग विरघळलेला नसतो. काजळीसारखे अतिशय बारीक कण पाण्यात तरंगत असतात. ते कागदावर बसले आणि वाळले की पाण्याने किंवा उन्हाने सहसा हलत नाहीत. पण खास शाईपेनासाठी बनवलेलीच घ्यावी. चित्रे काढायच्या काळ्या शाईत लाख किंवा डिंक असतो. ती शाईपेनात भरली की आत सुकते आणि पेन कायमचे बंद पडते.

दुकानात गेलात तर बाटलीवरच्या रंगाच्या नावावर जाऊ नका. ‘ब्लू ब्लॅक’ म्हणून मिळणारी प्रत्येक शाई लोखंडाची नसते, काहींत नुसता गडद रंग असतो. ‘वॉशेबल’ लिहिलेली शाई मुलांच्या सरावाच्या वहीसाठी ठीक, दाखल्यासाठी नाही. ‘परमनंट’ लिहिलेली प्रत्येक शाई पाण्यात टिकतेच असेही नाही. म्हणून घरीच परीक्षा घ्यावी. एका कागदावर चार ओळी लिहा आणि दोन दिवस वाळू द्या. मग कागदाचे दोन तुकडे करा. एक तुकडा तासभर पाण्यात बुडवा. दुसऱ्याचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकून आठ-पंधरा दिवस उन्हात ठेवा. पाण्यातली अक्षरे वाचता आली आणि उन्हातला भाग झाकलेल्या भागासारखाच दिसला, तर ती शाई कामाची. बॉलपेनची शाई तेलकट असल्याने पाण्यात लवकर जात नाही, पण तिचे काही रंग उन्हात उडतात. जेलपेनचीही हीच परीक्षा घ्यावी.

टिकाऊ शाईला पेनाची निगा जास्त लागते. लोखंडाची शाई आंबट असते. ती आत वाळू दिली तर स्टीलचे निब हळूहळू खाते. महिन्यातून एकदा पेन साध्या पाण्याने धुवावे. दोन शाया कधी एकत्र करू नयेत. बरेच दिवस लिहायचे नसेल तर पेन रिकामे करून ठेवावे.

आणि एक महत्त्वाचे. जुन्या दाखल्यावरची अक्षरे फिकी झाली म्हणून त्यावर घरी पेन फिरवू नका. तो खाडाखोड केलेला कागद ठरतो. सगळे ठीक आहे तोवरच शाळेतून किंवा कार्यालयातून दुसरी प्रत मागून घ्या, फोटो काढून ठेवा. लॅमिनेशन करू नका, पुढे कागद त्यातून सोडवता येत नाही.

दाखले आता संगणकावर निघतात. तरी विहारातली विवाह-नोंदवही, बचत गटाचा हिशेब, पंचशील मंडळाची वर्गणी हे सारे अजून हातानेच लिहिले जाते. विवाहाची नोंद ही उद्या एखाद्या भगिनीचा आधार असते. ती धुऊन जाणाऱ्या शाईने का लिहावी? बाबासाहेबांना अभिवादन करताना हार-फुलांऐवजी वही-पेन अर्पण करण्याची चांगली प्रथा आपण पाडली आहे. त्यात विहारासाठी टिकाऊ शाईची एक बाटलीही असू द्या.

त्या पेटीत आणखी एक कागद होता. आमच्या आजोबांच्या, आबांच्या शाळेतल्या नोंदीची नक्कल. निजामाच्या राजवटीतली, उर्दूतली, फसली सनातली. जातीच्या प्रमाणपत्रासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात, तेव्हा आमच्या घरातल्या प्रत्येक मुलाला हाच कागद उपयोगी पडला. बाबासाहेब १९४१ च्या फेब्रुवारीत आपल्या जिल्ह्यात कसबे तडवळ्याला परिषदेसाठी आले होते. त्या काळात आपल्या लेकराला शाळेत बसवणे सोपे नव्हते. तरी पणजोबांनी आबांचे नाव रजिस्टरात चढवले.

नाव चढवायला त्यांना सारे बळ लावावे लागले. ते पुसू न देणे एवढेच आमच्याकडे आले आहे.

जयभीम!