पडण्याची भीती आणि पायांचा भरवसा

रोजची कामे करताना आपला तोल जाणार नाही ही म्हातारपणातली खात्री आणि पायांतली ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ताकद शाबूत असून खात्री गेलेली माणसे घरोघरी दिसतात. हा भरवसा मोजण्यासाठी १९९० मध्ये अमेरिकेतील डॉ. मेरी टिनेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रश्नावली मांडली. पडण्याची भीती वाटते का, एवढेच विचारून त्या थांबल्या नाहीत. अंघोळ, कपडे घालणे, खुर्चीतून उठणे, कपाटातली वस्तू काढणे अशी १० साधी कामे घेऊन, प्रत्येक काम न पडता करता येईल याची कितपत खात्री आहे, हे त्यांनी विचारले. त्यामागे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँडुरा यांचा १९७७ मधला विचार होता: माणूस एखादे काम हाती घेतो की टाळतो, हे त्याला ते जमेल असे वाटते की नाही यावर बरेच अवलंबून असते. २००५ मध्ये युरोपातील संशोधकांनी ही यादी १६ कामांपर्यंत नेली. तिच्यात जिना, उतार, निसरडी जमीन, गर्दी आणि समारंभाला जाणे हेही आले.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीला ही दुसरी यादी अधिक लागू पडते. जुन्या तीन-चार मजली इमारतींना बहुधा लिफ्ट नसते. पावसाळ्यात आवारात शेवाळ धरते आणि प्रवेशाची गुळगुळीत लादी दिवसभर ओली राहते. स्टेशनच्या पुलावर चढताना दम लागतो, पण धास्ती असते ती उतरताना, कारण लोकल आली की मागून लोंढा येतो. घरातही एक धोका आहे, ज्याचा परदेशी याद्यांत उल्लेख नाही: छताखालच्या दांडीवर काठीने कपडे वाळत घालणे. मान वर, हात वर आणि पायांखाली कपड्यांतून ठिबकलेले पाणी.

डोंबिवली पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर राहणारी माझी आई बाथरूममध्ये घसरली. हाड मोडले नाही, पण धसका बसला. आधी भाजी आणणे सुटले, मग देवळात जाणे, मग पाडव्याला फडके रोडवरची स्वागतयात्रा पाहायला उतरणे. ‘तू बस, मी आणते’ हे घरातले वाक्य प्रेमाचेच होते. अशा वेळी होते ते असे: चालणे कमी झाले की मांड्यांचे स्नायू सैल पडतात, पाऊल आखूड होते, नजर जमिनीला खिळते आणि पडण्याची शक्यता खरोखरच वाढते.

गेलेला भरवसा नुसत्या धीराच्या शब्दांनी परत येत नाही. तेच काम सोप्या पायरीपासून पुन्हा करून तो येतो. फिजिओथेरपिस्टने आईला आधी हात न टेकता खुर्चीतून उठायला लावले, मग ओट्याला धरून टाचा उचलायला, मग एकच मजला उतरून परत यायला. गुडघा दुखत असेल तर चढताना चांगला पाय आधी टाकायचा आणि उतरताना दुखरा. आमच्या जिन्याचा कठडा तळाच्या तीन पायऱ्या आधीच संपत होता. आई तिथे भिंतीवर तळवा टेकून उभी राही, चपलेच्या टोकाने पुढच्या पायरीची कड चाचपी आणि मगच पाय सोडी. सोसायटीने तिथे लोखंडी पाइप बसवला, तेव्हा ते चाचपणे थांबले. त्या एका पाइपने जे साधले ते कितीही समजावून साधले नसते, असे माझे ठाम मत आहे.

उलट बाजूही आहे. काहींचा भरवसा ताकदीपेक्षा मोठा असतो. माळ्यावरचा डबा काढायला ते स्टुलावर चढतात. त्यांना भीती घालू नये. डबा खाली आणून ठेवावा. आणि दोन्ही प्रकारच्या माणसांचे डोळे, उठताना एकदम उतरणारा रक्तदाब आणि झोपेच्या गोळ्या यांकडे डॉक्टरांनी लक्ष द्यायला हवे.

घरात ज्येष्ठ असतील तर ‘पडलात का’ एवढेच विचारू नका. हल्ली कोणते काम करायचे सोडले, तेही विचारा आणि त्याच कामापासून सुरुवात करा.