दुसरा आठवडा

कोविडचा रुग्ण पहिल्या चार-पाच दिवसांत क्वचितच हाताबाहेर जायचा. ताप, अंगदुखी, कोरडा खोकला, तोंडाची गेलेली चव एवढ्यावर बहुतेकांचं निभावून जायचं. अतिदक्षता विभागात काम करणाऱ्या आम्हा डॉक्टरांना धास्ती असायची ती सातव्या-आठव्या दिवसाची. म्हणून दाखल होणाऱ्या प्रत्येकाला आमचा पहिला प्रश्न ठरलेला : त्रास नेमका कोणत्या दिवशी सुरू झाला?

दुसऱ्या आठवड्यात विषाणूचं प्रमाण बहुतेकांत उतरणीला लागलेलं असतं आणि नेमका तेव्हाच माणूस खालावतो. पन्नाशीचे एक गृहस्थ आठवतात. ऑक्सिमीटरवर आकडा 84, आणि ते फोनवर मुलाला ‘मी बरा आहे रे’ म्हणून सांगताहेत. रक्ताच्या रिपोर्टात लिम्फोसाइट पार घसरलेले. सीआरपी, फेरिटिन, डी-डायमर मात्र भरमसाट वाढलेले. ज्या पेशींनी विषाणू हुडकून मारायचा त्यांची वानवा, आणि दाह मात्र उतू चाललेला. गंभीर कोविड म्हणजे काय, हे त्या एका कागदावर वाचता यायचं.

याचं मूळ पहिल्या काही तासांत असतं. विषाणू शिरला की पेशी इंटरफेरॉन सोडते आणि शेजारच्या पेशी सावध होतात. करोनाच्या या विषाणूकडे हा इशारा दाबून टाकणारी प्रथिनं आहेत. इशारा उशिरा गेला की विषाणूला वाढायला रान मोकळं मिळतं. मग जागी झालेली यंत्रणा थांबायचं नाव घेत नाही. इंटरल्यूकिन-6 सारखे दाहक रेणू वाढतात, फुफ्फुसाच्या वायुकोशांत द्रव झिरपतो, बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात. विषाणूने सुरू केलेली नासधूस मग शरीरच पुढे नेतं.

काहींचा इशारा तर आधीपासूनच निकामी असतो. 2020 मध्ये संशोधक कासानोव्हा यांच्या गटाने जीवघेणा कोविड झालेले 987 रुग्ण तपासले. त्यांतल्या 101 जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडं सापडली. त्या 101 पैकी 95 पुरुष होते. धडधाकट दिसणारा माणूस अचानक का कोसळतो, याचं इतकं स्पष्ट उत्तर तोवर आमच्यापाशी नव्हतं.

म्हणूनच ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ हा सल्ला मला तेव्हाही पटला नाही आणि आजही पटत नाही. या आजारात प्रश्न ताकदीपेक्षा वेळेचा आहे. जून 2020 मध्ये ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीने ते दाखवून दिलं. डेक्सामेथासोन हे जुनं, स्वस्त स्टेरॉइड. रोज 6 मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले, ऑक्सिजनवर असलेल्यांतले एक पंचमांशाने. ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांना काहीही फायदा झाला नाही. उलट अपायाचीच शंका दिसली. तेच औषध, तोच आजार, फरक फक्त टप्प्याचा. लवकर दिलं तर विषाणूशी लढणाऱ्या पेशींचेच हात बांधले जातात.

आपल्याकडे 2021 च्या दुसऱ्या लाटेत हा फरक अनेक ठिकाणी पाळला गेला नाही. घरच्या घरी, तापाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच स्टेरॉइड सुरू झाली, मोठ्या मात्रेत आणि लांबलचक काळ. त्यात मधुमेह, वर स्टेरॉइडने चढलेली साखर. अशा शरीरात फोफावणाऱ्या म्युकरमायकोसिस या बुरशीच्या आजाराचे देशातले सर्वाधिक रुग्ण ज्या राज्यांत निघाले, त्यांत महाराष्ट्र होता. बुरशी नाकातून जबड्याकडे, डोळ्याकडे पसरायची. कोविडमधून वाचलेल्या माणसाचा डोळा काढावा लागत होता. या गोष्टीचं दुःख मला अजून आहे, कारण त्यातले कितीतरी डोळे वाचले असते.

लस याच वेळेच्या प्रश्नावर काम करते. ओळख आधीच झालेली असल्याने टी-पेशी आणि प्रतिपिंडं लवकर कामाला लागतात, म्हणून संसर्ग झाला तरी तो सहसा फुफ्फुसापर्यंत जाऊन गंभीर होत नाही. ही स्मृती टिकाऊही असते : 2003 च्या सार्समधून बऱ्या झालेल्यांत 17 वर्षांनंतरही त्या विषाणूला ओळखणाऱ्या टी-पेशी सापडल्या.

वाचकांना एकच विनंती. पुन्हा कधी अशी साथ आली, तर त्रास सुरू झाल्याची तारीख लिहून ठेवा, ऑक्सिजन मोजत राहा, आणि डॉक्टरांनी तपासल्याशिवाय कुणाच्या जुन्या चिठ्ठीवरून स्टेरॉइडची गोळी घेऊ नका.