कुंभकोणमच्या एका खिडकीपाशी

तंजावरहून पूर्वेकडे सुमारे ४० किलोमीटरांवर, कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मध्ये कुंभकोणम वसले आहे. वाटेत दोन्ही बाजूंना भाताची हिरवी खाचरे, केळीच्या बागा आणि विड्याच्या पानांचे मळे दिसतात. गाव जवळ आले की नारळीच्या शेंड्यांवरून देवळांची गोपुरे डोकावू लागतात. मराठी माणसाला हा मुलूख अगदीच परका वाटू नये. १६७५ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावर घेतले, तेव्हापासून पुढे पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ हा प्रदेश भोसल्यांच्या छत्राखाली होता. बडोद्याचे दिवाण म्हणून आपण ज्यांना ओळखतो, ते सर टी. माधवराव १८२८ साली याच कुंभकोणमात एका मराठी कुटुंबात जन्मले.

दुसराही एक धागा आहे. गुरू सिंह राशीत आला की आपल्याकडे नाशिक-त्र्यंबकेश्वरी गोदावरीकाठी सिंहस्थ भरतो. त्याच सिंहस्थाच्या गुरूत, मासी नावाच्या तमिळ महिन्यात, कुंभकोणमच्या महामहम् तलावावर लाखो यात्रेकरूंचे स्नान होते. २०१६ साली असे पर्व येऊन गेले. पर्व नसते तेव्हा मात्र हा तलाव शांत असतो. त्याच्या काठच्या लहान मंडपांच्या सावल्या पाण्यात पडलेल्या असतात, आणि दूरच्या रस्त्यावरून पितळी भांड्यांच्या दुकानांतला ठणठणाट ऐकू येतो.

पण वाचकहो, आज आपल्याला तलावावर थांबायचे नाही. सारंगपाणीच्या अकरा मजली गोपुराकडे तोंड करून जो रस्ता जातो, त्यावर एक लहानसे कौलारू घर आहे. समोर ओटा, ओट्याला लागून रस्त्याकडे उघडणारी खिडकी असलेली खोली, आत माजघर, स्वयंपाकघर आणि परसात विहीर. आपल्या कोकणातल्या किंवा वाईच्या एखाद्या जुन्या घरात पाऊल टाकावे, तसेच वाटते. श्रीनिवास रामानुजन यांचे बालपण या घरात गेले. २००३ साली शास्त्र विद्यापीठाने हे घर विकत घेऊन जपले आणि आज ते स्मारक म्हणून पाहता येते.

रामानुजन यांचा जन्म २२ डिसेंबर १८८७ रोजी आजोळी, इरोड येथे झाला. वडील कुंभकोणमच्या एका कापडदुकानात कारकून होते. आई कोमलताम्माळ देवळात भजने गात असे. कागद महाग, म्हणून मुलगा पाटीवर गणिते करी आणि कोपराने पुसून टाकी. उत्तर तेवढे वहीत उतरे. गावच्या टाउन हायस्कुलात बक्षिसे मिळवणारा हा विद्यार्थी पुढे गावच्याच सरकारी महाविद्यालयात गणिताखेरीज इतर विषयांत नापास झाला आणि त्याची शिष्यवृत्ती गेली. १९०७ साली स्थापन झालेल्या ज्या भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकात १९११ साली त्यांचा पहिला निबंध छापला गेला, तिचे ग्रंथालय त्या काळी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात होते. १९१२ साली मद्रासच्या पोर्ट ट्रस्टमध्ये महिना ३० रुपयांची कारकुनी, १९१३ च्या जानेवारीत केंब्रिजच्या हार्डी यांना पाठविलेले पत्र आणि १७ मार्च १९१४ रोजी इंग्लंडकडे प्रस्थान, इथपर्यंतची कथा आपण शाळेच्या पुस्तकांत वाचलेली असते. त्यानंतरची कथा तितकी सांगितली जात नाही, आणि आज या खिडकीपाशी उभे राहून तीच आठवावीशी वाटते.

इंग्लंडात पोहोचून काही महिने होतात न होतात तोच महायुद्ध पेटले. कडक शाकाहारी माणसाला भाजीपाला आणि फळे मिळणे कठीण झाले. स्वतःच्या हाताने रांधायचे, तेही वेळी-अवेळी. काम अंगात शिरले की दिवस-रात्रीचे भान राहत नसे. मग एकदमच झोपेत तास न् तास जात. १९१७ च्या वसंतात शरीराने साथ सोडली. त्यानंतरची जवळजवळ दोन वर्षे एका आरोग्यभवनातून दुसऱ्यात अशी गेली. मेंडिपच्या टेकड्या, डार्बीशरमधले मॅटलॉक, लंडनचा फिट्झरॉय चौक, शेवटी पटनी. थंडी, ताप, पोटातील वेदना, न संपणारा थकवा आणि जवळ आपले असे कुणी नाही. १९१८ च्या आरंभी तर निराशा अशी दाटून आली की त्यांनी स्वतःचे आयुष्य संपविण्याचा प्रयत्न केला. सुदैवानेच ते वाचले. हे सत्य झाकून ठेवण्यासारखे नाही. दीर्घ दुखण्याने थोर माणसाचेही मन खचू शकते, हे ज्या घरात असा रोगी आहे त्या घराने ओळखलेले बरे.

तरीही त्या खाटेवरून हार्डींना पत्रे जात राहिली, आणि पत्रांत प्रकृतीच्या तक्रारीबरोबर गणितही असे. पटनीला हार्डी भेटीस आले, तेव्हा आपल्या टॅक्सीचा १७२९ हा क्रमांक त्यांना नीरस वाटला. रोग्याने पडल्यापडल्या सांगितले की दोन घनांची बेरीज म्हणून दोन निराळ्या रीतींनी लिहिता येणारी ती सर्वांत लहान संख्या आहे: १ आणि १२ यांचे घन, किंवा ९ आणि १० यांचे घन. ही गोष्ट आपण बुद्धीचा चमत्कार म्हणून सांगतो. पण ती रुग्णशय्येवरची गोष्ट आहे, हे मात्र विसरून जातो.

१९१८ साली रॉयल सोसायटीचे सदस्यत्व आणि ट्रिनिटी महाविद्यालयाची फेलोशिप असे दोन मान त्यांना मिळाले. मद्रास विद्यापीठाने पाच वर्षे वार्षिक २५० पौंड देऊ केले. त्यावर पटनीहून ११ जानेवारी १९१९ रोजी त्यांनी जे उत्तर पाठविले, ते प्रत्येक घरात वाचून दाखवावे असे आहे. आईवडिलांना वर्षाला ५० पौंड द्यावेत, आपला आवश्यक खर्च भागवावा आणि जे उरेल ते गरीब व अनाथ मुलांच्या शिक्षणासाठी, त्यांच्या फीसाठी आणि पुस्तकांसाठी खर्च व्हावे, अशी त्यांची इच्छा होती. ज्याला उद्याची खात्री नव्हती, तो परक्या मुलांच्या पुस्तकांचा विचार करीत होता.

मार्चच्या अखेरीस त्यांचे जहाज मुंबईस लागले. धक्क्यावर आई आणि भाऊ उभे होते. पाच वर्षांपूर्वी निरोप दिलेला धट्टाकट्टा मुलगा परतताना सापळा होऊन आलेला पाहून त्या माउलीस काय वाटले असेल, हे आपणच मनाशी ताडावे. मद्रासला काही महिने, मग कावेरीकाठचे कोडुमुडी आणि सप्टेंबरात पुन्हा कुंभकोणम. ज्या गावातून पाटी-पेन्सिल घेऊन निघाले, त्याच गावी ते वेदना घेऊन परतले. पुढे वैद्यकीय उपचारांसाठी १९२० च्या जानेवारीत पुन्हा मद्रासला जावे लागले.

या काळात त्यांची शुश्रूषा पत्नी जानकी यांनी केली. त्यांचे वय तेव्हा अवघे विशीचे. पुढे आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी त्या दिवसांची आठवण सांगितली आहे. ठरलेल्या वेळी भात, लिंबाचा रस आणि ताक द्यायचे; वेदना होते असे म्हणाले की पायांना आणि छातीला शेक द्यायचा. पाणी तापविण्याची ती दोन भांडी तेवढी त्यांनी अनेक वर्षे जपून ठेवली होती. घरात सासू-सुनेचे फारसे जमत नव्हते. रोग्याचा स्वभावही कडवट आणि चिडका झाला होता. या सर्वांतून ताकाची वेळ मात्र चुकत नव्हती.

आणि कागदही चुकत नव्हते. १२ जानेवारी १९२० रोजी त्यांनी हार्डींना पत्र लिहिले. आरंभी, इतके दिवस एकही पत्र लिहिले नाही याबद्दल दिलगिरी; लगेच पुढे एक नवीन शोध. ‘मॉक थीटा’ असे नाव दिलेल्या फलांची १७ उदाहरणे त्या पत्रात होती. २६ एप्रिल १९२० रोजी मद्रासच्या चेटपट भागात, वयाच्या ३२ व्या वर्षी त्यांचे देहावसान झाले. अखेरच्या वर्षातील कागद इंग्लंडला गेले आणि विस्मरणात पडले. १९७६ साली अमेरिकी गणितज्ञ जॉर्ज अँड्र्यूज यांना ते ट्रिनिटीच्या ग्रंथालयात एका पेटीत आढळले. शंभराहून अधिक पृष्ठे आणि सुमारे सहाशे सूत्रे! त्या फलांचे मर्म उलगडायला २००२ साल उजाडावे लागले. आज कृष्णविवरांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांनाही ती उपयोगी पडतात.

हे ऐकून आपण काय घ्यावे? दुःखानेच प्रतिभा फुलते, असे समजू नये. निरोगी रामानुजन यांनी आणखी किती दिले असते, याचा हिशेब कोण करणार? वेदना सोसून गप्प राहावे, असेही समजू नये. त्यांच्यावर मुख्यतः क्षयरोग समजून उपचार झाले. १९९४ साली जुनी वैद्यकीय टिपणे तपासून डी. ए. बी. यंग यांनी असे प्रतिपादन केले की हा बहुधा आमांशाच्या जंतूंमुळे झालेला यकृताचा विकार असावा. त्या काळीही त्यावर उपाय होता. १९०६ साली मद्रासला त्यांना आमांशाने गाठले होतेच. म्हणून पहिला धडा असा की दीर्घकाळ टिकणाऱ्या दुखण्याला ‘चालायचेच’ म्हणू नये. पूर्वीचे सारे आजार डॉक्टरांना आठवणीने सांगावेत आणि निदानाविषयी शंका असल्यास दुसऱ्याचेही मत घ्यावे.

दुसरा धडा कामाविषयी आहे. त्या पृष्ठांवर विस्तृत सिद्धता नाहीत. सूत्रे आहेत, एकाखाली एक. शरीर जेवढे देई, तेवढ्यात एक ओळ पुरी होई. ज्यांना रोजची कंबरदुखी, सांधेदुखी किंवा न सरणारा शीण घेऊन नोकरी, शाळा किंवा चूल सांभाळावी लागते, त्यांनी दिवसाचे मोजमाप निरोगी माणसाच्या तराजूत करू नये. बरे वाटते त्या दिवशी साऱ्या आठवड्याचे काम उरकू पाहणारा पुढचे चार दिवस अंथरुणात घालवतो. म्हणून काम लहान तुकड्यांत करावे, मध्ये विश्रांती घ्यावी, आणि दिलेल्या शब्दांपैकी कोणता स्वतःच पाळायचा व कोणता दुसऱ्याकडे सोपवायचा, हे आधीच ठरवावे. उशीर झाला तर रामानुजन यांच्याप्रमाणे दिलगिरी एका वाक्यात आटोपून कामाला लागावे. उशिरा गेलेले ते पत्रही जगाला पुरले.

तिसरा धडा आपल्यासारख्या निरोग्यांसाठी. वेदना दिसत नाही, म्हणून ती नाही असे आपण मानतो. ‘काल तर बरे होतात, आज काय झाले?’ हा प्रश्न रोग्याला औषधाच्या कडवटपणाहूनही कडू लागतो. तो न विचारता पाणी तापवून आणणारे कुणीतरी घरात असावे. त्या सूत्रांखाली जानकींची सही नाही. पतीमागे त्यांनी मद्रासला शिवणकाम करून स्वतःचा चरितार्थ चालविला आणि १९९४ साली त्या निवर्तल्या. तरी ती पृष्ठे लिहिली गेली त्यात दोन भांड्यांचा वाटा होता, हे कोण नाकारील? आणि शुश्रूषा करणाऱ्यालाही विसावा लागतो, याची आठवण घरातील इतरांनी ठेवावी.

संध्याकाळी सारंगपाणीच्या देवळात घंटा वाजू लागते. फुलवाल्या बायका जाईचे गजरे मांडून बसतात, समोरच्या हॉटेलात पितळी डबऱ्यांतून वाफाळलेली कॉफी वर-खाली ओतली जाते. आपण कधी कुंभकोणमला गेलात, तर गोपुर अवश्य पाहा. पण पाच मिनिटे त्या खिडकीपाशीही उभे राहा. आणि घरी परतल्यावर, आपल्या घरातील एखाद्या खाटेपाशी बसून सहज विचारा, ‘आज शेक देऊ का?’