इंजिनाचा उच्छ्वास

श्वासाबद्दल आपण पुष्कळ बोलतो. उच्छ्वासाचं काय होतं, तो कुठे जातो, याचा विचार सहसा कुणी करत नाही. जन्मभर मुलांना मराठी शिकवलेल्या माणसाला हे एखाद्या शब्दावरून सुचायला हवं, पण सुचलं ते नातवाच्या मोटरसायकलवरून!

नातवाने जुनी साडेतीनशे सीसीची बुलेट घेतली आणि महिन्याभरात तिचं रूपच पालटून टाकलं. एअर फिल्टरचा मोठा डबा काढला आणि कार्ब्युरेटरला शंकूसारखा उघडा फिल्टर लावला. इंजिनाकडून त्या डब्यात जाणारी एक रबरी नळी त्यामुळे बेवारशी झाली. गॅरेजवाल्याने ती मागे, चाकाच्या पुढ्यात सोडून दिली.

"काही नाही हो आजोबा, ब्रीदर पाइप आहे. सगळे असाच सोडतात," नातू म्हणाला.

पण नळीच्या तोंडाशी काळपट तेलाचा थेंब लोंबत होता आणि तिथून मागचा टायर जेमतेम वीतभर लांब. चार दिवसांनी हे चिरंजीव धाकट्या बहिणीला मागे बसवून गगनबावड्याला निघणार होते. घाटातलं वळण आणि टायरवर तेल... मला काही झोप लागेना.

मग सकाळी वही घेऊन बसलो आणि त्यालाही बसवलं. जुनी सवय! बुलेटचा पिस्टन खाली येतो तेव्हा त्याच्या खालची, म्हणजे क्रँककेसमधली, जागा सुमारे ३४६ घन सेंटीमीटरने कमी होते. मिनिटाला ३००० फेरे धरले तर सेकंदाला ५० वेळा! आतल्या हवेने जायचं कुठे? शिवाय पिस्टनच्या रिंगा कितीही घट्ट असल्या तरी पेटलेला थोडा वायू त्यांच्या कडेने खाली निसटतोच. त्यात न जळलेलं पेट्रोल असतं, पाण्याची वाफ असते, वर तेलाचे बारीक तुषार मिसळतात. नळीला बूच मारलं तर दाब वाढतो आणि सील-गॅस्केटमधून तेल बाहेर येऊ लागतं. म्हणजे वाट ही द्यायलाच हवी. जुन्या बुलेटला त्यासाठी बदकाच्या चोचीसारखी रबरी झडप असते. ती हवा बाहेर सोडते, आत येऊ देत नाही.

प्रश्न उरतो तो बाहेर म्हणजे कुठे याचा. मोटारींतही पूर्वी ही वाफ नळीवाटे सरळ रस्त्यावर सोडत. लॉस एंजेलिस शहर धुरक्याने हैराण झालं, तेव्हा हागेन-स्मिट या शास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात दाखवून दिलं की गाड्यांमधून निघणारे न जळलेले इंधनाचे अंश उन्हात त्या धुरक्याला कारण होतात. त्यातला बराच भाग नुसता क्रँककेसमधून येत होता. मग कॅलिफोर्नियात १९६१ च्या मॉडेलपासून नव्या मोटारींत ही वाफ परत इंजिनात ओढून जाळायची सोय आली. उपाय काय, तर एक नळी आणि एक झडप!

मूळ डबा परत बसव, असं मी सुचवलं. चिरंजीवांचा चेहरा पडला. शेवटी तडजोड झाली. नळी आधी वर चढवून बाजूला लावलेल्या एका छोट्या बाटलीत नेली. तेल आणि पाणी तिथे खाली बसतं, आणि उरलेली वाफ दुसऱ्या नळीने फिल्टर व कार्ब्युरेटर यांच्या मधे जाते आणि जळून जाते. बाटली वेळोवेळी रिकामी करायची, तीही जुन्या ऑइलच्या कॅनमध्ये. गटारात नाही! थंडीत जवळच्या फेऱ्या जास्त झाल्या की बाटलीत ताकासारखं पांढरट काहीतरी जमतं. ते तेल आणि पाण्याचं मिश्रण, घाबरण्यासारखं नाही. टायर मात्र साबणाच्या पाण्याने स्वच्छ धुऊन घेतला.

लहानपणी आमच्या स्वयंपाकघराला धुराडं होतं. आईचे डोळे वाचले, पण धूर सगळा शेजारच्या काकूंच्या वाळवणावर जायचा. आपल्या घरातून गेला म्हणजे गेला, असं आपण धरून चालतो. रागाचंही तसंच. कोंडून ठेवला तर घर फुटतं आणि वाटेल तिथे सोडला तर मागे बसलेला माणूस घसरतो.

असो. दोघं भावंडं गगनबावड्याहून सुखरूप परत आली, येताना फणसही घेऊन आली. तुमच्या घरी कुणी गाडी अशी 'सजवली' असेल, तर एकदा खाली वाकून ती नळी कुठे सोडली आहे तेवढं बघा.