लाखपुरीच्या वाटेवर एक परात

भाचा ऑस्ट्रेलियातल्या बेंडिगोहून आला तो बॅगेत हिरव्या प्लॅस्टिकची परात घेऊन. तिच्या कडेला आतून खाचा. रेती पाण्यात घोळायची, हलकं वाहून जातं, जड सोनं खाचेत बसतं. व्हिक्टोरियात हा सुटीचा छंद आहे. १८५५ पासून तिथं ‘मायनर्स राइट’ नावाचा परवाना मिळतो, आता तो दहा वर्षं चालतो. अट अशी की अवजारं हातानं चालवायची आणि खणलेला खड्डा बुजवून मगच घरी जायचं.

“मामा, मेळघाटात सिपना आहे ना?” अमरावतीत उतरल्या उतरल्या त्यानं विचारलं.

मी महसूल खात्यातला निवृत्त माणूस. सिपना व्याघ्रप्रकल्पातून वाहते आणि १९२७ च्या वन कायद्यानं जंगलातला दगड नि खनिजही वनोपजच, एवढं सांगून मेळघाट बाद केला.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत त्याला सराफ्यात नेलं. दुकानं बंद होती. एक बाई पायऱ्यांपुढची धूळ कुंच्यानं गोळा करत होती, तिचा मुलगा नालीतला गाळ घमेल्यात भरत होता. आपल्याकडचे सोनं धुणारे हे, झारेकरी. भाचा उकिडवा बसून बाईच्या मनगटाकडं पाहत राहिला. घमेलं फिरवायची तिची लय त्याला परातीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत सापडली नसती. शेवटचे कण पाऱ्यानं धरतात. तो गोळा तापवला की पारा उडतो, सोनं उरतं. उडालेला पारा धुणाऱ्याच्या छातीत जातो, बाकीचा पाण्यात. पाऱ्याला आवर घालणाऱ्या मिनामाता कराराला भारतानं २०१८ साली मान्यता दिली, पण ती बातमी या नालीपर्यंत कोण आणणार?

मग त्याला पूर्णा नदी दाखवायला अकोल्याच्या रस्त्याला लागलो. २०२२ च्या जूनमध्ये याच मार्गावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरण झालं आणि गिनीज बुकात नोंद झाली. भाच्याला त्याचं अप्रूप, मला मूर्तिजापूरच्या चहाचं. तिथून उत्तरेला वळून लाखपुरी गाठलं. खारपाणपट्टा हा. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, म्हणून पूर्णेची किंमत इथं जास्त.

“इथं सोनं निघेल?”

नाही निघणार. आपल्या पायाखाली लाव्ह्याचा काळा पाषाण. विदर्भातल्या सोन्याच्या खुणा पूर्वेकडं, नागपूर-भंडाऱ्याच्या जुन्या खडकांत. अन् निघालं असतं तरी १९५७ च्या खनिज कायद्यात छंदाचं खातंच नाही. नुसत्या शोधालाही परवाना लागतो. रेती गौण खनिज, तिची विनापरवाना उचल केली तर जमीन महसूल संहितेचं कलम ४८(७) लागतं, दंड बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत. त्या कलमाखाली पंचनामे मी कमी लिहिले नाहीत. टिप्पर सापडायचं, मालक सापडायचा नाही.

म्हणून परात गाडीतच ठेवायला लावली. भाचा हिरमुसला, पण काठावर आल्यावर गप्प झाला. पात्रात घर मावेल एवढे खड्डे, कडा सुरीनं कापल्यासारख्या उभ्या. ते बुजवायला मात्र कोणी थांबलं नव्हतं.

बकऱ्यांमागं एक म्हातारेबुवा आले. “काय धुंडून राह्यले भाऊ?”

भाचा लाजत म्हणाला, “सोनं.”

“सोनं?” म्हातारेबुवा हसले. “थे तं टिप्परात भरून गेलं ना बाप्पा! रेती होती तवा झिरा खणला का गोड पाणी लागे. आता बकरी खाली उतरते अन् वर येतच नाही. मागच्या सालच्या पान्यात दोन गेल्या.”

बकऱ्या कडेशी येऊन खालच्या पाण्याकडं पाहत उभ्या होत्या. भाच्यानं माझ्याकडं पाहिलं. परात घोळायला काढायची नाही असं मी सांगितलं होतं. पाणी वाहायला नाही असं काही बोललो नव्हतो. तो गाडीकडं पळाला, मग बसत-घसरत खाली उतरला, परात भरली आणि एका हातानं कड धरत वर आला. निम्मं पाणी वाटेतच सांडलं. पहिली बकरी खाचांतलं थेंबन् थेंब चाटत होती.

“अजून चारपाच खेपा लागतील,” म्हातारेबुवा म्हणाले.

मीही चपला काढल्या.