खाऱ्या मातीतली जिप्सी

डिसेंबरात बारामतीहून इंदापूरच्या रस्त्याला लागलं की आधी मळीचा वास येतो, मग उसाच्या ट्रॉल्या भेटतात. भवानीनगरच्या छत्रपती साखर कारखान्याचा गळीत हंगाम ऐन भरात होता. एकेका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, रस्त्यावर सांडलेले वाढे आणि कांड्या, आणि या सगळ्याच्या मागे पाहुण्याकडून मागून आणलेल्या गाडीत आम्ही. गाडी माझा मावसभाऊ चालवत होता. त्याला आम्ही सगळे दादा म्हणतो. लहानपण निमगाव केतकीच्या पानमळ्यांत गेलं, आता टोरांटोजवळच्या मिसिसागाला असतो. तिथे तो जुनी जीप बाळगून आहे आणि तिच्या चेसिसची काळजी एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या गुडघ्यांसारखी घेतो. मला जुनी जिप्सी घ्यायची होती, म्हणून त्यालाच बरोबर घेतलं.

जिप्सी कशाला, तर माळासाठी. बारामती तालुक्यातलं शिर्सुफळ आणि इंदापुरातलं कडबनवाडी इथल्या गवताळ माळांवर चिंकारा, लांडगे, तरस अजून दिसतात. वनखात्याने आखलेल्या वाटा दगडधोंड्यांच्या आहेत आणि पावसाळ्यात काळ्या चिखलाच्या. छोट्या गाडीचं तिथे पोट घासतं. लासुर्ण्याच्या पुढे एका बागायतदाराकडे एक जिप्सी विकाऊ असल्याचं कळलं होतं. गाडी हिमाचलातली, कुल्लूकडे बर्फात वापरलेली. तिथून एनओसी आणून बारामती आरटीओकडे फेरनोंदणी झालेली, नंबर एमएच 42. पुतण्याच्या हौसेपायी आणली, पुढे शेतीच्या कामाला लागली.

"बर्फातली गाडी म्हणजे खालून बघायची," दादा म्हणाला. "वरून सगळ्याच छान दिसतात."

त्याच्याकडे आता रस्त्यांवर मीठ पडायला लागलं असेल, असं तो सांगू लागला. बर्फ पडायच्या आधीच टँकर येतात आणि रस्त्यावर खारं पाणी मारून जातात. मीठ मिसळलं की पाणी शून्य अंशाला गोठत नाही, बरंच खाली जाऊन गोठतं. साधं मीठ उणे दहाच्या आसपास थकतं. त्याहून कडक थंडीत कॅल्शियम क्लोराइड किंवा मॅग्नेशियम क्लोराइड वापरतात, आणि गाड्यांच्या दृष्टीने ते जास्त वाईट, कारण हे क्षार हवेतली ओल ओढून घेतात. पत्रा वाळतच नाही. मला सगळ्यात नवल वाटलं ते पुढच्या गोष्टीचं. मिठाने माखलेली गाडी उबदार गॅरेजमध्ये नेऊन ठेवली तर ती बाहेरच्या थंडीपेक्षा लवकर गंजते. थंडीत गंजण्याची क्रिया मंद असते. उबेत बर्फ वितळून खारं पाणी होतं आणि क्रिया वेग घेते. लोखंड, हवा आणि पाणी एवढ्यावर गंज धरतोच, पण पाण्यात मीठ असलं की त्यातून वीज सहज वाहते आणि हे काम कितीतरी झपाट्याने होतं.

"इथे कुठलं आलंय मीठ," मी म्हटलं. दादाने उत्तर दिलं नाही. सणसरच्या अलीकडे गाडी बाजूला घेतली आणि मला कालव्याच्या खालच्या अंगाला असलेलं एक पडीक रान दाखवलं. ढेकळांवर पांढरा पापुद्रा आला होता.

हा नीरा डावा कालवा. 1876-77 च्या दुष्काळानंतर त्याचं काम झालं आणि 1885 च्या सुमारास भाटघरच्या बाजूचं पाणी या कोरड्या मुलखात खेळू लागलं. बारामती-इंदापूरचा ऊस, कारखाने, बंगले, सगळं त्या पाण्यावर उभं आहे. पण काळ्या जमिनीला भरपूर पाणी दिलं आणि त्याला खालून वाट ठेवली नाही, की भूजल वर येतं, उन्हाने पाणी उडून जातं आणि क्षार माथ्यावर राहतात. रान आधी खारवट होतं, मग चोपण. ब्रिटिश काळातच इथल्या पाणथळ झालेल्या जमिनींचा अभ्यास सुरू झाला. क्लॉड इंग्लिस या अभियंत्याने दख्खनच्या कालव्यांवर हे काम केलं. पुढे खडकवासल्याचं जलसंशोधन केंद्र नावारूपाला आणण्यातही त्यांचा मोठा वाटा होता. आजही बारामतीजवळ माळेगाव खुर्दला 2009 साली सुरू झालेली राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था दुष्काळ आणि क्षारपड जमिनींसारख्या प्रश्नांवर संशोधन करते. शेतकऱ्यांकडे उपाय जुनाच आहे: रानाच्या कडेने खोल चर काढायचा, परवडलं तर जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकायचे, आणि खारं पाणी ओढ्याला लावून द्यायचं.

लासुर्ण्याच्या पुढे मळ्यात पोचलो तेव्हा जिप्सी गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये होती. हिरवा रंग नवा होता, टायर बरे होते, इंजिन पहिल्या चावीला लागलं. मालक मनापासून बोलणारे. चहा येईपर्यंत त्यांनी कागदपत्रं पुढ्यात ठेवली. दादाने पोतं अंथरलं, टॉर्च आणि छोटी हातोडी घेतली आणि गाडीखाली शिरला. चेसिसवर हातोडीचे हलके ठोके पडू लागले. चांगल्या लोखंडाचा आवाज खणखणीत येतो, कुजलेल्याचा बद्द. पुढून खणखणीत, मध्ये खणखणीत. मागच्या चाकांच्या वर, जिथे चेसिसचा पोकळ भाग वळतो, तिथे आवाज बसला.

"बर्फाने खाल्लीये," मी म्हटलं.

"पुढचा भाग बर्फात जास्त भिजतो. तो चांगला आहे," खालून आवाज आला. "मागे काय वाहता तुम्ही यात, काका?"

मालकांनी शेडच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. खताची पोती. युरिया, आणि म्युरेट ऑफ पोटॅश. गावात पोटॅश म्हणतात ते हेच. दादा बाहेर आला आणि पोटॅशच्या पोत्यासमोर उभा राहिला. पोटॅशियम क्लोराइड. जवळजवळ निम्मं वजन क्लोराइडचं. कॅनडात हेच लोक घराच्या पायऱ्यांवरचं बर्फ वितळायला टाकतात. उसाला हवं असतं पोटॅश, पण फाटक्या पोत्यातून सांडलेले दाणे जिप्सीच्या मागच्या हौद्यात मॅटखाली जमले, पहिल्या पावसात विरघळले आणि कोपऱ्यातून चेसिसच्या पोटात उतरले. हिमाचलातल्या हिवाळ्यांनी जे केलं नव्हतं, ते इंदापूरच्या खताने केलं.

मॅट उचललं तर हौद्याच्या पत्र्याला तळहाताएवढं भोक. मालकांना खरंच वाईट वाटलं. "आम्ही दर आठवड्याला धुतो हो गाडी," त्या घरच्या काकू म्हणाल्या. धुतात बोअरच्या पाण्याने, आणि कालव्याच्या खालच्या अंगाचं बोअर बऱ्याच ठिकाणी खारं. धुतल्यावर गाडी शेडच्या सावलीत लावतात. म्हणजे दर आठवड्याला थोडं मीठ, आणि वाळायला ऊन नाही.

गाडी घ्यायची की नाही यावर विहिरीच्या कठड्यावर बसून आम्ही बोललो. दादाचं मत स्पष्ट होतं. चेसिसच्या आडव्या-उभ्या मुख्य सांध्यांना गंजाने पोखरलं असतं तर गाडीला हात लावू नये, मग किंमत कितीही पाडून मिळो. इथे सांधे शाबूत होते. एका बाजूचा पोकळ तुकडा आणि हौद्याचा पत्रा खराब होता. ते दुरुस्त होतं. मालकांनी किंमत आपणहून कमी केली आणि व्यवहार झाला.

जिप्सी घेऊन जंक्शनकडे मागे वळलो, कारण वालचंदनगर पाहिल्याशिवाय दादा पुढे जाणार नव्हता. कळंबच्या माळावर वालचंद हिराचंदांनी वसवलेली ही वसाहत. ऊस, साखर, मग साखर कारखान्यांची यंत्रं, आणि पुढे इस्रोच्या रॉकेटांचे भाग. याच माणसाने 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. या भागाला गाड्यांचं वेड तेव्हापासूनचं असावं, असं मला वाटतं. बारामतीच्या एमआयडीसीत आज पियाजिओच्या तीनचाकी तयार होतात.

कडबनवाडीच्या माळावर जिप्सीचा पहिला कस लागला. सूर्य कलला होता, गवत पिवळं झालेलं. फोर बाय फोर लावून दगडी चढ चढलो तेव्हा मागच्या हौद्याचा सैल पत्रा ताशासारखा वाजत होता. त्या आवाजाने चिंकारा आधीच दूर गेले. दोन माद्या आणि एक नर, शेपट्या हलवत. इंजिन बंद करून बसलो तेव्हा ते थांबले.

उतरताना मेंढरांचा कळप आडवा आला. बहुतेक धनगर वाडे दिवाळीनंतर कोकणाकडे उतरतात, हा मागे राहिलेला होता. दादा म्हणाला, तिकडे गाडीखाली मारतात त्यातलं एक चांगलं द्रव्य मेंढीच्या लोकरीतूनच निघतं: लॅनोलिन, लोकरीवरचं मेण. मेंढी पावसात भिजून आजारी पडू नये म्हणून निसर्गाने दिलेलं. ते पत्र्याला चिकटून राहतं, सुकून तडकत नाही, फटीत झिरपतं. मात्र ते मिळतं मेरिनोसारख्या तलम लोकरीतून. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर राठ, घोंगडीच्या कामाची, तिच्यात हे मेण फार थोडं. मेंढपाळ मामांना आम्ही हे सांगितलं. त्यांनी एका मेंढीच्या पाठीवरून हात फिरवला, बोटं एकमेकांवर चोळून पाहिली आणि "असंल थोडं" म्हणाले.

दुरुस्तीसाठी जिप्सी इंदापुरात मिस्त्रींकडे नेली. त्यांचं गॅरेज हायवेच्या अलीकडे आहे. उसाच्या ट्रॉल्या दुरुस्त करण्यात त्यांचा हातखंडा. मला वाटलं होतं ते म्हणतील, खालून डांबर मारू, विषय संपला. गावोगावी हेच करतात, नाहीतर इंजिनातलं जळकं काळं ऑइल डिझेलमध्ये कालवून मारतात. ते पहिल्याच पावसात ओघळून रानात आणि ओढ्यात जातं. दादा डांबराच्या विरोधात बोलायच्या तयारीत होता. जाड कोटिंगला बारीक चीर पडली की पाणी तिच्या आड शिरतं आणि आतल्या आत पत्रा सडतो, बाहेरून कळतही नाही. पण मिस्त्रींनी त्याला बोलूच दिलं नाही.

"डांबर नको," ते म्हणाले. "पाणी आत जाणारच, दादा. ते बाहेर कुठून येतं ते बघू."

त्यांनी बारीक सळई घेतली आणि चेसिसच्या खालच्या बाजूची भोकं एकेक करून कोरायला सुरुवात केली. कंपनीने निचऱ्यासाठी ठेवलेली ही भोकं कुल्लूच्या मातीने आणि इंदापूरच्या मातीने गच्च भरली होती. प्रत्येक भोकातून आधी लाल भुगा पडला, मग ओला चिखल, आणि एकातून चक्क पाण्याची धार आली. डिसेंबरात! शेवटचा पाऊस होऊन कितीतरी आठवडे झाले होते. म्हणजे दर आठवड्याच्या धुण्याचं खारं पाणी चेसिसच्या पोटात साठून होतं. मिस्त्री मांडी घालून धार थांबेपर्यंत बघत बसले. ट्रॉल्यांचं तेच होतं म्हणाले. नव्या ट्रॉलीच्या तळाला चारही कोपऱ्यांत ते स्वतः भोकं पाडून देतात. लोक म्हणतात खत सांडेल. ते म्हणतात सांडू द्या.

बोअरचं पाणी त्यांनीही वर्ज्य ठरवलं आणि कालव्याच्या पाण्याचा टँकर मागवला. नळी आतून फिरवली, खालच्या भोकांतून स्वच्छ पाणी येईपर्यंत. मग कॉम्प्रेसरची हवा, मग दिवसभर ऊन. सडलेला तुकडा कापून नवा वेल्ड केला, हौद्याला नवा पत्रा टाकला. तारेच्या ब्रशने सुटा गंज काढून उरलेल्यावर रस्ट कन्व्हर्टर लावला. त्यातलं टॅनिन गंजाशी संयोग पावून काळा, घट्ट थर तयार करतं. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरातल्या हिरड्यात हेच टॅनिन भरपूर असतं. त्यावर रेड ऑक्साइड, त्यावर रंग. आणि सगळ्यात शेवटी, पोकळ भागांत आतून मेण.

हे मेण आत पोचवायचं कसं यावर दादाकडे उत्तर होतं. कॅनडात त्यासाठी लांब लवचीक नळीची खास बंदूक मिळते, ती त्याने आणली नव्हती. मिस्त्रींनी डाळिंबाच्या बागेत फवारणीला वापरतात त्या पंपाची जुनी नळी काढली, पितळेच्या तोटीला चहूबाजूंनी बारीक भोकं पाडली, मधल्या भागाला रबरी पाइप जोडला आणि कॉम्प्रेसरला लावली. मेण थोडं कोमट करून घेतलं. नळी आत टोकापर्यंत घालायची आणि फवारत हळूहळू मागे ओढायची. सगळ्या भोकांतून मेणाचे थेंब गळायला लागले तसा दादा लहान मुलासारखा एका भोकाकडून दुसऱ्याकडे जात राहिला. ब्रेकची डिस्क, सायलेन्सर आणि रबरी बुश मिस्त्रींनी आधीच चिंध्यांनी बांधून ठेवले होते. मेण गळायचं थांबल्यावर सळईने भोकं पुन्हा मोकळी केली, नाहीतर सगळं मुसळ केरात.

परतीला सोलापूर हायवे घेतला. पळसदेवला उजनीचं पाणी रस्त्याच्या जवळ येतं. 1980 मध्ये पूर्ण झालेल्या या धरणापायी गावं हलली आणि जुनं देऊळ पाण्यात गेलं. पाणी ओसरलं की त्याचं शिखर वर येतं. भिगवणच्या बाजूला थंडीत रोहित येतात, तेव्हा हौशी मंडळी फोर बाय फोर थेट पाण्याच्या काठच्या गाळात घालतात, फोटोसाठी. तिथे उभ्या असलेल्या एका जीपचे पाटे गाळात बुडले होते आणि मुलं आनंदाने ओरडत होती. आम्ही जिप्सी वरच लावली आणि चालत काठापर्यंत गेलो. एवढं करून तिला गाळात घालायची माझी छाती झाली नाही. गाळाने निचऱ्याची भोकं बुजायला कितीसा वेळ लागतो?

दादाच्या बॅगेत आता मिस्त्रींनी बनवलेली तशीच दुसरी नळी आहे. पैसे घ्यायला मिस्त्री तयार नव्हते. मृगाच्या आधी जिप्सी पुन्हा घेऊन या एवढंच मला सांगितलं, आणि दादाला विचारलं, "तुमच्याकडं मीठ कधी टाकायला लागतात?" नोव्हेंबरात, दादा म्हणाला.

"मग दसऱ्याला मारून घ्या," मिस्त्री म्हणाले, "आणि आधी भोकं कोरा."